आधी तुळई, मग खांब : भूकंपरोधक आरसीसी आणि संगणकाचा इतिहास

१/
१९७० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विभागातून एडवर्ड विल्सन या प्राध्यापकाने एक संगणकीय प्रोग्राम प्रसिद्ध केला. इमारत, पूल, धरण अशा कोणत्याही संरचनेतील बलांचे गणित तो करू शकत असे. त्याचे नाव होते ‘सॅप’. इंग्रजी बोलीत या शब्दाचा अर्थ भोळसट, सहज फसणारा माणूस असा होतो. हे नाव जाणूनबुजून ठेवलेले होते. प्रोग्रामला स्वतःची बुद्धी नसते. संरचना त्याच्यापुढे योग्य रीतीने मांडणे आणि आलेल्या उत्तराची जबाबदारी घेणे ही दोन्ही कामे इंजिनियरचीच आहेत. वापरणाऱ्याला याचा विसर पडू नये, हा नावामागील हेतू विल्सन यांनी प्रोग्रामच्या पुस्तिकेतच नोंदवून ठेवला होता.

२/
आज भारतातील शहरांत उभ्या राहणाऱ्या आरसीसी इमारतींचे गणित सर्रास ‘ईटॅब्स’ किंवा ‘स्टॅड’ या सॉफ्टवेअरवर होते. त्यांपैकी ईटॅब्स हे थेट सॅपच्याच घराण्यातले. पडद्यावर इमारतीचा सांगाडा उभा राहतो, भूकंपाचे बल लावले जाते आणि काही क्षणांत प्रत्येक तुळईत किती सळया हव्यात, रिंगा किती अंतरावर हव्यात याचा तक्ता बाहेर पडतो. त्या तक्त्यातील एकेका ओळीमागे जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यातील काही भाग गणिताचा आहे आणि बराचसा भाग ढिगाऱ्यांचा आहे. ही लेखमाला त्या ओळींविषयी, मुख्यत्वे तुळईविषयी.

३/
आरंभ तुळईपासूनच करावा लागेल. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र त्याला सोसवत नाही. म्हणून जिथे ताण येतो तिथे पोलादी सळई घालायची, हे आरसीसीचे मूळ तत्त्व. स्लॅबच्या वजनाखाली तुळई मध्यभागी खाली झुकते, तेव्हा तिथे खालच्या बाजूस ताण येतो. खांबाजवळ तो वरच्या बाजूस येतो. फ्रान्सच्या फ्रांस्वा हेनेबिक यांनी १८९२ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत याच समजुतीने खालच्या काही सळया टोकांकडे तिरक्या वर वळवलेल्या असत आणि त्यांच्याभोवती पोलादी कड्या असत. ही मांडणी पुढे जगभर रूढ झाली. पण तिच्या मुळाशी एक गृहीतक होते : भार नेहमी वरून खालीच येणार.

४/
भूकंप हे गृहीतक मोडतो. जमीन डावी-उजवीकडे हलली की इमारतीचा सांगाडा झुलतो आणि तुळईच्या टोकांशी ताण क्षणात वर, क्षणात खाली येतो. केवळ वरच्या सळयांवर विसंबलेले टोक उलट्या झोक्यात उघडे पडते. तिरक्या वळवलेल्या सळया एका दिशेच्या भेगा अडवतात. झोका उलटला की भेगा दुसऱ्या दिशेने तिरक्या जातात आणि त्या सळयांचा उपयोग उरत नाही. म्हणूनच तुळईचा काप तोडू पाहणाऱ्या बलाचा, म्हणजे कर्तनाचा, हिशोब करताना भारताचे आजचे भूकंपविषयक मानक वळवलेल्या सळया जमेस धरत नाही. सगळा भरवसा उभ्या, बंदिस्त रिंगांवर. मात्र हे कळायला बराच काळ जावा लागला.

५/
भूकंपाचे बल आकड्यात पकडण्याचा पहिला अधिकृत प्रयत्न इटलीत झाला. २८ डिसेंबर १९०८ रोजी मेसिना येथील भूकंपात सुमारे ८०,००० माणसे दगावली. त्यानंतर नेमलेल्या समितीने एक साधा नियम सुचवला : खालच्या मजल्याने आपल्यावरील वजनाच्या एक बारांशाइतके आणि वरच्या मजल्यांनी एक अष्टमांशाइतके आडवे बल सोसावे. पाठोपाठ जपानमध्ये सानो तोशिकाता यांनी हीच कल्पना ‘भूकंप गुणांक’ म्हणून मांडली. इमारतीच्या वजनाचा ठरावीक हिस्सा आडवा लावायचा आणि त्यासाठी ती पुरेशी मजबूत करायची, असा तो सरळ हिशोब होता.

६/
१ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो-योकोहामा परिसरात कांतो भूकंप झाला. मृतांची संख्या एक लाखाहून अधिक होती. त्याच टोकियोत नाइतो ताचू यांच्या आराखड्याने उभी राहिलेली इंडस्ट्रियल बँकेची इमारत मात्र जवळपास अक्षत राहिली. ती पूर्ण होऊन काहीच महिने झाले होते. सांगाड्यात जागोजागी काँक्रीटच्या भिंती गुंफून नाइतोंनी तिला ताठ बनवले होते. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, जपानच्या नगर इमारत कायद्यात ०.१ हा गुणांक आला, म्हणजे वजनाच्या दहा टक्के आडवे बल.

७/
भारतीय उपखंडातही हा विचार त्याच सुमारास पोहोचला होता. बलुचिस्तानात १९३१ च्या भूकंपानंतर रेल्वेचे तरुण इंजिनियर एस. एल. कुमार यांनी कर्मचाऱ्यांच्या निवासांसाठी जुन्या रेल्वे रुळांचा सांगाडा वापरला आणि वजनाच्या दहा टक्के आडवे बल धरून त्यांचा आराखडा केला. १९३३ मध्ये त्यांनी या विषयावर निबंध लिहिला, त्यात भारताचा भूकंपप्रवण नकाशाही दिला. ३१ मे १९३५ रोजी क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले. कुमारांची घरे उभी राहिली. हा सगळा हिशोब कागद, पेन्सिल आणि स्लाइडरूल यांवरचा होता.

८/
मग एक कोडे उभे राहिले. १८ मे १९४० रोजी कॅलिफोर्नियातील एल सेंट्रो येथे जमिनीच्या हालचालीची उत्तम नोंद यंत्रावर मिळाली. जमिनीचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एक तृतीयांश होते. अशा हालचालीत इमारत न मोडता, न वाकता झुलत राहिली तर तिच्यात किती बल निर्माण होईल, हे जॉर्ज हाउसनर प्रभृतींनी काढले. उत्तर मानकांतील दहा टक्क्यांच्या कित्येक पट आले. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेली प्रत्येक इमारत अशा भूकंपात पडायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांपैकी अनेक उभ्या राहत होत्या. कशामुळे?

९/
उत्तर ‘तन्यता’ या गुणात सापडले. खडू वाकवला की ताडकन मोडतो. तार वाकवली की वाकते, वाकलेली राहते, पण हातात दोन तुकडे येत नाहीत. इमारतीत काही ठरावीक जागी असे तारेसारखे वाकणे घडले, तर भूकंपाची ऊर्जा तिथे खर्ची पडते आणि इमारत मोडकळीस आली तरी कोसळत नाही. काँक्रीट मूळचे खडूच्या जातीचे. त्याला तारेचा स्वभाव कसा द्यायचा, हे जॉन ब्लूम, नेथन न्यूमार्क आणि लिओ कॉर्निंग यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडले. सळया बेताच्या ठेवायच्या आणि टोकांशी काँक्रीटला दाट रिंगांनी आवळून धरायचे. आवळलेले काँक्रीट भेगाळले तरी जागा सोडत नाही.

१०/
एव्हाना गणिताचे स्वरूपही पालटत होते. अनेक मजली सांगाड्यात प्रत्येक सांध्याचा शेजारच्या सांध्याशी संबंध येतो, त्यामुळे एकाच वेळी शेकडो समीकरणे सोडवावी लागतात. १९३० मध्ये हार्डी क्रॉस यांनी या अडचणीवर तोड काढली. प्रत्येक सांध्यावरचा असमतोल शेजारच्या तुळया-खांबांत वाटत जायचे आणि असमतोल नगण्य होईपर्यंत फेऱ्या करायच्या, अशी ही रीत. इंजिनियरांच्या पिढ्यांनी तिच्यावर इमारती उभ्या केल्या. हात दुखत, पण प्रत्येक फेरीत बल कुठून कुठे चालले आहे, हे डोळ्यांना दिसत असे.

११/
१९५० च्या दशकात बोइंग कंपनीत विमानांच्या पंखांचा अभ्यास करताना रे क्लफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुंतागुंतीच्या आकाराचे लहान लहान तुकडे करून संगणकावर गणित करण्याची रीत बसवली. १९६० मध्ये क्लफ यांनी तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. त्यांचे विद्यार्थी होते एडवर्ड विल्सन, पुढे सॅप लिहिणारे. तिकडे एमआयटीत स्टीव्हन फेन्व्हेस आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये ‘स्ट्रेस’ ही आज्ञांची भाषा तयार केली. सांधे कुठे आहेत, कोणता घटक कोणत्या दोन सांध्यांना जोडतो, हे साध्या इंग्रजी शब्दांत लिहायचे. उरलेले काम यंत्राचे. स्टॅडमध्ये आजही लिहिल्या जाणाऱ्या आज्ञा त्याच वळणाच्या आहेत.

१२/
बर्कलेतील या नव्या साधनाची एक कसोटी महाराष्ट्रात लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे १८० जणांनी प्राण गमावले. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाला आडव्या भेगा गेल्या. धरणाचा आराखडा वजनाच्या पाच टक्के आडवे बल धरून झाला होता आणि त्या हिशोबाने तिथे भेगा पडण्याचे कारणच नव्हते. बर्कलेतील अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी धरणस्थळी नोंदलेली जमिनीची हालचाल संगणकाला देऊन फायनाइट एलिमेंट पद्धतीने गणित केले. धरणाच्या वरच्या भागात, जिथे पाठीचा उतार एकाएकी बदलतो, नेमका तिथेच ताण परमावधीला पोहोचत होता. भेगाही तिथेच होत्या. कोयनेची ही नोंद आजही जगभर नवी सॉफ्टवेअर पारखण्यासाठी वापरली जाते.

१३/
धरण आणि इमारत यांत फरक असला तरी धडा एकच होता : योग्य प्रश्न विचारला तर संगणक योग्य उत्तर देतो. यानंतर प्रोग्राम झपाट्याने इमारतींकडे वळले. १९७२ मध्ये विल्सन आणि सहकाऱ्यांनी खास बहुमजली इमारतींसाठी ‘टॅब्स’ लिहिला, १९७५ मध्ये त्याची विस्तारित आवृत्ती ‘ईटॅब्स’ आली. त्याच वर्षी अश्रफ हबीबुल्ला यांनी स्थापन केलेल्या कंपनीने पुढे हे प्रोग्राम जगभर पोहोचवले. बलांचे गणित आता यंत्राकडे गेले. मात्र त्या बलांना तुळई आणि खांब कसे सामोरे जातील, हा प्रश्न अजून सुटलेला नव्हता.

१४/
त्या प्रश्नाची धग ९ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅलिफोर्नियाला जाणवली. सॅन फर्नांडो भूकंपात ऑलिव्ह व्ह्यू हे नवेकोरे आरसीसी रुग्णालय तळमजल्यावरून एका बाजूला सरकले आणि पुढे पाडून टाकावे लागले. तिथे निसर्गाने जणू प्रयोगच मांडला होता. ज्या खांबांत सळयांभोवती दाट मळसूत्री पोलाद होते, त्यांचे बाहेरचे काँक्रीट झडले तरी आतला गाभा भार पेलत राहिला. ज्या कोपऱ्यांतील खांबांत विरळ रिंगा होत्या, त्यांचा चुरा झाला. काँक्रीट तेच आणि भूकंपही तोच. फरक होता तो गाभा आवळण्यात. यानंतर अमेरिकेची मानके या बाबतीत कठोर झाली.

१५/
मूळ तत्त्व सर्वांत स्पष्टपणे मांडले ते न्यूझीलंडने. १९६९ च्या सुमारास जॉन हॉलिंग्स यांनी एक कल्पना पुढे केली. क्राइस्टचर्च येथील कँटरबरी विद्यापीठात रॉबर्ट पार्क आणि टॉमस पॉली यांनी तिला प्रयोगांची आणि गणिताची जोड दिली. या दोघांचे १९७५ मधील पुस्तक जगभरच्या अभ्यासक्रमांत गेले. कल्पना अशी : मोठ्या भूकंपात इमारतीचा कोणता तरी भाग आपल्या मर्यादेपलीकडे जाणारच. तो कोणता, हे भूकंपावर न सोडता इंजिनियरने आधी ठरवावे. तो भाग तुळईचे टोक असावा. तुळईने वाकून शरण जावे, कर्तनाने फाटू नये. खांबाने आणि सांध्याने तोवर तग धरावा.

१६/
तुळईच का? एक तुळई निकामी झाली तर तिच्यावरचा स्लॅब लोंबेल. एका मजल्याचे खांब निकामी झाले तर वरचे सगळे मजले खाली येतील. म्हणून खांब बलवान आणि तुळई त्या मानाने दुबळी असावी. मराठी कानांना हे विचित्र वाटेल, कारण घर बांधताना ‘थोडे लोखंड जास्तच टाका’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. पार्क-पॉली यांचा विचार नेमका या वाक्याच्या विरुद्ध जातो.

१७/
आकड्यांनी पाहू. एका तुळईच्या टोकाला गणिताने १६ मिमी व्यासाच्या ३ सळया लागतात, म्हणजे सुमारे ६०३ चौरस मिमी पोलाद. सावधगिरी म्हणून तिथे २० मिमीच्या ४ सळया टाकल्या, म्हणजे १,२५७ चौरस मिमी. तुळईची वाकण्याला विरोध करण्याची ताकद जवळजवळ दुप्पट झाली. आता भूकंपात ती वाकायला लागण्याआधी तिच्यात निर्माण होणारे कर्तनही जवळजवळ दुप्पट होईल, कारण कर्तन दोन्ही टोकांच्या या ताकदीवर अवलंबून असते. रिंगा मात्र पूर्वीइतक्याच राहिल्या. परिणामी तुळई वाकायच्या ऐवजी तिरकी फाटते, किंवा तिच्या आधी खांब मोडतो. सुरक्षेसाठी घातलेले पोलाद धोक्याचे ठरते.

१८/
म्हणून मानक असे सांगते की तुळईच्या रिंगांचा हिशोब संगणकाने काढलेल्या कर्तनावर थांबू नये. प्रत्यक्षात घातलेल्या सळयांमुळे टोकांची जी ताकद येते तिची १.४ पट धरावी, तिला तुळईच्या लांबीने भागावे, त्यात वजनाचे कर्तन मिळवावे आणि त्याला पुरतील इतक्या रिंगा द्याव्यात. सळया बदलल्या की रिंगा पुन्हा मोजायच्या. सांगाड्याच्या विश्लेषणातून हा आकडा मिळत नाही. तो तुळईच्या अंगच्या ताकदीतून मिळतो. सॉफ्टवेअरला हा नियम शिकवता येतो आणि तो शिकवलाही गेला आहे. पण आराखडा मंजूर झाल्यावर साइटवर परस्पर बदललेल्या सळया त्याला कळणार नाहीत.

१९/
भारतात या विषयाची संस्थात्मक सुरुवात १९६० साली रुडकीत जय कृष्ण यांच्या नेतृत्वाखाली झाली. १९६२ मध्ये भूकंपविषयक पहिले भारतीय मानक, आयएस १८९३, आले. कोयनेनंतर १९७० च्या आवृत्तीत देशाचा भूकंपनकाशा बदलला. १९९३ मध्ये आरसीसीच्या तन्यतेसाठी स्वतंत्र मानक निघाले : आयएस १३९२०. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूर परिसर उद्ध्वस्त झाला. तिथे कोसळली ती दगडमातीची घरे, आरसीसी नव्हे. तरीही ‘दख्खन स्थिर आहे’ हा समज त्या पहाटेने कायमचा पुसला आणि महाराष्ट्रात भूकंपरोधक बांधकाम हा घरोघरी चर्चेचा विषय झाला.

२०/
याच काळात टेबलावरचा संगणक कन्सल्टंटच्या कचेरीत पोहोचला. जे काम पूर्वी विद्यापीठातील महाकाय यंत्रावर होई, ते आता रात्रीतून होऊ लागले. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या पिढीला हार्डी क्रॉसच्या फेऱ्या परीक्षेपुरत्या आणि स्टॅडच्या आज्ञा नोकरीसाठी येऊ लागल्या. गणिताचा वेग वाढला, चुका कमी झाल्या, अवघड आकाराच्या इमारतींचाही हिशोब आवाक्यात आला. हा लाभ मोठा होता. पण बल कुठून कुठे जाते हे पाहण्याची सवय फेऱ्यांबरोबर मागे पडू लागली. तिची उणीव कुठे भासते, हे लवकरच दिसणार होते.

२१/
२६ जानेवारी २००१, सकाळचे ८:४६. कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. १३,००० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. भूकंपकेंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली आरसीसी इमारती कोसळल्या. तिथे नोंदलेले जमिनीचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम एक दशांश होते, एल सेंट्रोच्या एक तृतीयांशाइतके. पडलेल्या इमारतींत एक साम्य ठळक होते. तळमजला पार्किंगसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा. वरच्या मजल्यांत विटांच्या भिंती.

२२/
इथे प्रोग्रामचा भोळेपणा उघडा पडतो. सांगाड्याचे गणित मांडताना विटांची भिंत बहुधा केवळ वजन म्हणून धरली जाते. तिचा ताठपणा प्रोग्रामला सांगितलाच जात नाही. प्रोग्रामच्या लेखी सगळे मजले सारखेच लवचिक. प्रत्यक्षात भिंतींमुळे वरचे मजले पेटीसारखे ताठ होतात आणि सगळी हालचाल तळमजल्याच्या खांबांवर येऊन पडते. तुळया वाकायला सवडच मिळत नाही. आधी खांब जातो. जे सांगितले गेले, त्याचे उत्तर प्रोग्रामने अचूक दिलेले असू शकते. सांगायचे राहिले ते मात्र जिवावर बेतते. २००२ च्या सुधारित मानकात अशा मोकळ्या मजल्याच्या खांब-तुळयांसाठी २.५ पट बल धरण्याची तरतूद झाली.

२३/
२००२ च्या त्याच आवृत्तीत आणखी एक आकडा आला, जो आज प्रत्येक सॉफ्टवेअरच्या चौकटीत टंकला जातो : प्रतिसाद गुणक ‘आर’. साधा सांगाडा असेल तर ३, तन्यतेच्या सर्व नियमांनी बांधलेला असेल तर ५. त्या मानकात पुणे आणि मुंबई तिसऱ्या क्षेत्रात आहेत. तिथली १,००० टनांची ठेंगणी निवासी इमारत घेतली, तर आराखड्यासाठी धरलेल्या भूकंपात न वाकता उभे राहण्यासाठी तिला सुमारे २०० टन आडवे बल सोसावे लागेल. ‘आर’ला ५ लिहिले की आराखड्यातले बल ४० टनांवर येते. उरलेले १६० टन कुठे गेले? ते तुळईच्या टोकांशी होणाऱ्या नियंत्रित मोडतोडीवर सोपवले गेले. पाच हा आकडा म्हणजे दिलेला शब्द आहे. रिंगा तशा पडल्या नाहीत, तर तो शब्द खोटा ठरतो आणि गणित मात्र बरोबरच दिसत राहते.

२४/
या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक प्रकरण क्राइस्टचर्चमध्येच घडले, पार्क आणि पॉली यांच्याच गावात. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात तिथे १८५ जण मरण पावले. त्यांपैकी ११५ जण एकाच सहा मजली इमारतीत होते : सीटीव्ही बिल्डिंग. भाषा शिकायला आलेले अनेक परदेशी विद्यार्थी त्यांत होते. इमारतीचा आराखडा १९८६ चा, म्हणजे क्षमतेवर आधारित विचार न्यूझीलंडच्या मानकात आल्यानंतरचा. गणितासाठी ईटॅब्स वापरले गेले होते. पुढे सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनने आराखड्याची कसून तपासणी केली.

२५/
त्या इमारतीत भूकंपाचे बल काँक्रीटच्या भिंतींनी घ्यावे आणि खांबांनी केवळ वजन पेलावे, असे धरले होते. म्हणून ४०० मिमी व्यासाच्या गोल खांबांत अवघ्या ६ मिमी पोलादाची मळसूत्री २५० मिमी अंतरावर होती. खांब-तुळईच्या सांध्यांतही आवळणे अपुरे होते. पण इमारत झुलते तेव्हा ‘केवळ वजन पेलणारे’ खांबही तिच्याबरोबर झुलतात. संगणकाच्या मांडणीत त्यांची जबाबदारी कमी करता येते, प्रत्यक्ष हालचालीतून त्यांना सूट मिळत नाही. शहरातील इतर कित्येक इमारतींत तुळयांची टोके ठरल्याप्रमाणे वाकली. त्यांतल्या बऱ्याच नंतर पाडाव्या लागल्या, पण आतली माणसे चालत बाहेर आली. तन्यतेचे वचन एवढेच आहे : इमारत वाचेलच असे नाही, माणूस वाचावा.

२६/
२०१६ मध्ये आयएस १३९२० ची सुधारित आवृत्ती आली. प्रत्येक सांध्यावर खांबांची एकत्रित ताकद तुळयांच्या ताकदीच्या किमान १.४ पट असावी, हा नियम तिने भारतात स्पष्ट शब्दांत आणला. हॉलिंग्स यांच्या कल्पनेपासून इथवर सुमारे साडेचार दशके लागली. आता सॉफ्टवेअर प्रत्येक सांध्यावर हे प्रमाण तपासते आणि नियम मोडला तर तो सांधा लाल रंगात दाखवते. विल्सन यांच्या १९७० मधील भोळ्या प्रोग्रामच्या तुलनेत ही मजल थोर आहे. ढिगाऱ्यांतून शिकलेले बरेच काही आता त्याला पाठ आहे.

२७/
तरीही तक्त्यातील ‘८ मिमी रिंग, १०० मिमी अंतर’ ही ओळ साइटवर पोहोचते तेव्हा एक गोष्ट फिटरच्या हातात उरते. रिंगेची दोन्ही टोके १३५ अंशांत वळवून आतल्या गाभ्यात रोवायची असतात. काटकोनात वळवली तर काम लवकर उरकते आणि काँक्रीट ओतल्यावर फरक दिसत नाही. पण पहिल्या काही झोक्यांत बाहेरचे काँक्रीट झडले की काटकोनातले टोक सुटते, रिंग उघडते आणि तुळईचा गाभा मोकळा होतो. ‘आर’च्या चौकटीत लिहिलेला ५ हा आकडा अखेरीस त्या ४५ अंशांच्या जादा वळणावर उभा असतो. आपल्या इमारतीचा स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी वर चढून रिंगांची टोके पाहणे हे कोणत्याही घरमालकाला जमण्यासारखे काम आहे. काँक्रीट एकदा ओतले गेले की ती पुन्हा दिसत नाहीत.

(समाप्त)